पाठ टेकायची खुर्ची

टेम्पोतून ती उतरवली तेव्हा मी दुधाचं पातेलं घेऊन फाटकात उभी होते, आणि क्षणभर मला वाटलं की कुणा आजारी माणसाला बसल्या जागेवरून तसंच उचलून आणलंय. वरपासून खालपर्यंत पांढरं प्लास्टिक गुंडाळलेलं. पाठीचा भाग मागे कललेला, गुडघ्यांचा भाग पुढे आलेला, दोन बाजूंना दोन हात. दोघंजण तिला धरून पावलं जपत आत आणत होते. पुढचा म्हणाला, "माताजी, किधर बिठाऊँ?" पातेल्यातलं दूध हिंदकळून माझ्या पायावर आलं. मी खिडकीकडे बोट केलं. तिथला दिवाण सरकवून जागा करून ठेवा, मालोजीसाठी बसायचं काहीतरी येणार आहे, असं माझ्या सुनेने, विनोदिनीने, आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं. मी समजले होते की दवाखान्यात असतो तसला कळ फिरवायचा पलंग येईल. मालोजी माझा मुलगा. इंदूरला त्याची छाती उघडून पुन्हा शिवली होती आणि आज दुपारी त्याला घरी आणायचं होतं.

माणसं गेल्यावर मी प्लास्टिक फाडायला लागले. कात्री सापडेना म्हणून नखांनीच. आतून लाकूड दिसलं, मधाच्या रंगाचं, इतकं उजळ की मी ते ओळखलं नाही. मग खुर्चीच्या हाताचं टोक बाहेर आलं. वल्ह्यासारखा रुंद हात, आणि शेवटाला हलकेच खाली वळलेला. तो वळसा डोळ्यांच्या आधी माझ्या तळव्याने ओळखला. धारच्या घरी रोज फडकं मारताना तो माझ्या मुठीत यायचा. मी हात मागे घेतला आणि पदराला पुसला. खोलीत मी एकटीच होते, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, बाहेर भाजीवाला ओरडत गेला, सगळं रोजच्यासारखं होतं, आणि माझ्या मानेवर गार घाम आला होता. वाटलं, हिला आपण धारला टाकून आलो, पोती रचली हिच्यावर, तरी ही वाट काढत देवासपर्यंत आली. माझ्यासाठी आली असती तरी चाललं असतं.

फोन वाजला. माझी नात अनन्या. ती अहमदाबादला लाकडी सामानाची घडण शिकली आहे, आता इंदूरला काम करते. ती पहिलीत होती तेव्हा तिच्याच पुस्तकावरून मी अक्षरं शिकले, त्यामुळे तिला अजून वाटतं की मला जे काही येतं ते तिने शिकवलेलं.

"आजी, पोचली ना? कैसी लगी?"

"ही धारची आहे."

"अगं हो, पहचान ली. धारहून मागवून इंदूरला नीट केली. बाबांनाही सांगितलं नाहीये. सरप्राइज आहे."

"त्याला पलंग आण की गं. दवाखान्याचा मिळतो ना भाड्याने."

"डॉक्टरच म्हणालेत, इतक्यात सपाट झोपायचं नाही. टेकून बसायचं, टेकूनच डोळा लागला तर उत्तम. आणि इससे अच्छी टिकने की चीज़ पूरे देवास में नहीं मिलेगी."

"अनन्या, त्याला त्यात नको बसवूस."

"का?"

कारण मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बोलून दाखवलं की ते खरं होतं असं मला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटत होतं. मी म्हणाले, "फार खाली आहे ती. त्याला उठता यायचं नाही."

"क्या आजी तू भी. बनानेवाले ने उठने का भी सोचा है, मी दिवाळीत सांगितलं होतं ना तुला. चल, इथे सही-बिही करायचीय. बाबा जेवले की निघतोच."

दिवाळीत आम्ही धारला गेलो होतो, माझे धाकटे दीर तुकोजीराव राहतात तिथे. देवीसागर तळ्याच्या बाजूला त्यांचं घर आहे, मागे कोठीची खोली, त्यात सोयाबीनची पोती. फराळ झाल्यावर अनन्या कोठीत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी पाहायला गेले तर हिने पोती ओढून खुर्ची उताणी केलेली, आणि मोबाइलच्या उजेडात तिचं पोट बघत होती. लाकडात डागलेला एक शिक्का होता, परदेशी अक्षरांचा. "आजी, तुम लोगों को पता भी है ये क्या है?" असं म्हणून ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि ती घडवणाऱ्या डेन्मार्कच्या कारागिराबद्दल सांगत राहिली. तो आधी सुतार होता, मग नमुने काढू लागला. खुर्ची काढायची म्हणून तो आधी खुर्ची काढायचाच नाही, म्हणाली. कामगार दिवसभर राबून निघाले की तो त्यांना ओल्या वाळूच्या ढिगावर बसायला सांगायचा, मागे रेलायला सांगायचा, आणि ते उठून गेले की वाळूत उमटलेला खळगा मोजायचा. सकाळचा ताजा माणूस त्याला चालत नसे. ताजा माणूस ऐटीत बसतो, अंग सोडत नाही. त्याला अंग सोडलेला माणूस हवा होता. आधी तो खळगा, मग त्याच्याभोवती लाकूड. आणि लाकूड इतकंच की खळगा उचलून धरता येईल. अनन्याने खुर्ची सरळ करून तिच्या पाठीवरून हात फिरवला. मागची बाजूही पुढच्याइतकीच नीट घासलेली होती, कारण ती भिंतीला लावायची वस्तू नव्हे, म्हणाली, खोलीच्या मधोमध ठेवायची. हातांची टोकं खाली वळवलीत ती उठताना मुठीत धरायला, म्हणाली.

मी दाराला धरून ऐकत होते. मला ते वाळूतले खळगे दिसत होते. माणसं उठून गेलेली आणि खळगे राहिलेले.

मग अनन्याने समोरच्या पट्टीवर उजेड टाकला. बैठकीच्या पुढच्या काठाची ती आडवी पट्टी मधोमध झिजून वाकली होती, एका बाजूचा सांधा उकलला होता. "ये देखो. सगळं वजन काठावर. पाठीचं कापड एकदम नवं. तीस-चाळीस वर्षं तुमच्या घरात होती, इस पे कभी कोई टिका ही नहीं क्या?"

तुकोजीराव सुपारी कातरत दारात आले होते. ते म्हणाले, "अरे बेटा, ती दरबारी बैठक. आमचे बापू त्यावर असे बसायचे," आणि त्यांनी पोत्याच्या कडेवर बसून दाखवलं, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, हनुवटी किंचित वर. "जैसे अब बुलावा आया, अब उठे. नर्मदावहिनींना विचार."

"पर ये तो टिकने के लिए बनी है, आजोबा."

"बनी होगी. आम्ही कुठे टिकनेवाले होतो."

सगळे हसले. मी म्हणाले, राहू दे ती इथेच, भुंगा लागलाय तिला. अनन्या माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, तू डरती है क्या इससे?" मी म्हणाले, खुर्चीला कोण भितं, आणि चिवड्याचा डबा बंद करायला निघून गेले.

बापू म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायचे. संस्थान केव्हाच गेलं होतं, तरी धारला पाहुणेबंगला होता आणि मामंजी त्याचे कारभारी होते. तिथे कुठल्याशा कारखान्याची यंत्रं बसवायला आलेला डेन्मार्कचा एक साहेब राहिला होता. त्याची पाठ दुखायची, म्हणून तो ही खुर्ची बोटीने आपल्याबरोबर घेऊन आला होता. संध्याकाळी तो तिच्यात पडून राहायचा आणि मामंजी समोर उभे. तो बस म्हणायचा, मामंजी बसायचे नाहीत. जाताना त्याने खुर्ची मामंजींना दिली. ती बैलगाडीतून घरी आली त्या दिवशी तिला हळदकुंकू लावलं होतं, हे सासूबाई सांगायच्या. मामंजींनी ती बैठकीत ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या काठावर बसू लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, खुर्ची मोडकी आहे म्हणून असे बसतात. सासूबाईंनी समजावलं. ज्याला दरबारात बसायची परवानगी मिळते तो आसनाच्या पुढच्या काठावर बसतो. मागची जागा ज्याने मान दिला त्याची. त्या जागेत आपली पाठ न्यायची नाही. मी तेव्हा सरदारपुरच्या शेतकऱ्याची पोर, आमच्याकडे बाजेवर बसायचे. मी एकदा कपडे शिवता शिवता भिंतीला टेकले तर सासूबाईंनी नुसतं पाहिलं. तेव्हापासून माझीही पाठ कशाला लागली नाही. सगळं घर काठावर बसायचं. पाहुणे यायचे तेही आमचं बघून काठावर बसायचे.

दसऱ्याला राजवाड्यावर पूर्वीसारखा मोठा दरबार भरत नसे, पण जुन्या घरांना बोलावणं यायचं, विड्याचं तबक घेऊन एक माणूस यायचा. त्या वर्षी मामंजी पहाटेच तयार झाले. अंगरखा, उपरणं, डोक्याला पागोटं. खुर्चीच्या काठावर बसले. आम्ही स्वयंपाकघरातून बघत होतो. सोनं लुटायला मुलं येऊन गेली, पाया पडून गेली. माणूस आला नाही. तबक घेऊन येणारा म्हाताराच वारला होता आणि त्याच्या जागी कुणाला नेमलं नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. जेवणं खोळंबली. सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, जा, विचार वाढू का. मी बैठकीच्या दाराशी गेले तर मामंजी मागे टेकले होते. पागोटं पुढे सरकून भुवयांवर आलं होतं. आठ-दहा वर्षांत मी त्यांची पाठ त्या कापडाला लागलेली पाहिली नव्हती. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती हनुवटी, आणि ती सैल होती. मी परत येऊन म्हणाले, झोपलेत. सासूबाईंच्या हातातला डाव खाली पडला. त्यांना माहीत होतं की पागोटं घालून हे झोपणार नाहीत.

त्यानंतर खुर्चीवर बरेच दिवस कुणी बसलं नाही, मग मालोजीचे वडील बसू लागले. जगदेवराव. काठावरच. ते बदनावरच्या मंडीत कचेरीत होते, रोज बसने जा-ये. मे महिन्यातली दुपार. दार लोटून आत आले, टोपी काढली, म्हणाले, "पाणी दे." आवाज रोजचाच होता. मी किती वेळा तो आवाज आठवून पाहिलाय, त्यात काही कमी-जास्त होतं का, आणि प्रत्येक वेळी तो रोजचाच निघतो. मी माठातून तांब्या भरला, वाळ्याची जुडी बाजूला केली, ओचा सावरला, एवढंच. परत आले तर ते मागे टेकलेले. पाय लांब सोडलेले, हात खुर्चीच्या हातांवर, बोटं त्या वळशावरून खाली लोंबत होती. आणि मला बरं वाटलं. हे मी विसरू शकत नाही. बरं वाटलं, की एकदाचे टेकले, थकत होते फार. तांब्या हातात घेऊन मी उभी राहिले, झोपमोड नको म्हणून. ओठावर माशी बसली ती पदराने हाकलली. ती पुन्हा बसली. इतक्यात मालोजी कॉलेजातून आला. तो दारातच थांबला. त्याने आत पाऊल टाकलं नाही, बूट काढले नाहीत, वह्या छातीशी धरून तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्याला माझ्या आधी समजलं होतं. झोप आणि ते, यातला फरक मला दिसला नव्हता.

मालोजीला देवासला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा सामान भरताना तुकोजीराव म्हणाले, वहिनी, खुर्ची न्या, दादांची आठवण. मी म्हणाले, तिकडे जागा नाही. मालोजी दोरी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. त्याने कधीच तिचा विषय काढला नाही आणि मीही नाही. माझ्या मनात मात्र तेव्हापासून एक वाक्य पक्कं होतं, जो टेकला तो गेला. वाक्य वेडगळ आहे हे मला कळत होतं. दिवसा कळायचं. जेवताना, टीव्ही बघताना, कुणाशी बोलताना कळायचं.

आता ती खिडकीजवळ होती, आणि उन्हाची तिरीप तिच्यावर पडली होती. नवं राखाडी लोकरी कापड, आत नव्या कापडी पट्ट्या, पुढची लाकडी पट्टी बदललेली. झिजलेला काठ आता नव्हता. आमच्या घराची खूण तिच्यावरून पुसून टाकली होती, आणि खळगा तेवढा ताजा होऊन बसला होता. मी चादर आणून तिच्यावर टाकली. चादरीखाली ती अधिकच माणसासारखी दिसायला लागली, म्हणून काढली. मग घरातल्या सगळ्या उशा तिच्यावर रचल्या, वाटलं, जागाच नाही म्हणता येईल. पण अनन्या हसून एक एक उशी उचलून ठेवेल हे मला दिसत होतं. मी स्वयंपाकघरातून सुरी आणली, खुर्चीची गादी कडेने उचलली, खालच्या कापडी पट्टीवर पातं टेकवलं. पट्टी तुटली की खुर्ची निकामी. पण एखादी पट्टी अर्धवट राहिली आणि मालोजी बसल्यावर तुटली तर, शिवलेल्या छातीने तो खाली आदळला तर. सुरी परत मांडणीत ठेवली आणि ओट्याला धरून उभी राहिले. देवघरात जाऊन हात जोडावेत असं वाटलं, पण मागायचं काय तेच सुचेना.

तेव्हा मला दुसरं सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा पाय आपोआप तिकडे वळले. तिला जर कुणी हवंच असेल तर मी आहे. माझं सगळं झालेलं आहे. मालोजी यायच्या आत हे होऊन जाऊ दे, म्हणजे तो आला की ती नुसती खुर्ची असेल. मी तोंड धुतलं, लुगडं नीट केलं, दाराची कडी काढून ठेवली, कुणाला दार फोडायला लागू नये म्हणून. गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहिलं. मग उशा खाली उतरवून खुर्चीकडे पाठ केली आणि हळूच बसले.

बसले ती काठावर. अंगाला दुसरं काही माहीतच नव्हतं. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. समोर भिंतीवर यांचा फोटो होता आणि तेही त्यात ताठच बसले होते. खिडकीतून टेकडी दिसत होती, वरच्या देवळाचा झेंडा, पायऱ्यांवरची माणसं मुंगीएवढी. मी झेंड्याकडे बघत राहिले. आता मागे जायचं. पण पाठ ऐकेना. एवढ्या वर्षांचा दांडा आत रोवल्यासारखा. मी श्वास सोडला आणि डोळे मिटले आणि कंबरेतून सैल झाले, आणि पडायला लागले. इतकं मागे जावं लागेल असं वाटलं नव्हतं. पडतच गेले. विहिरीत वाकून बघताना तोल जावा तसं झालं. मग तिने मला धरलं.

खालून, मागून, एकदम सगळीकडून. कंबरेच्या पोकळीत काहीतरी येऊन भरलं. मानेखाली काहीतरी आलं, तिथे जिथे सायंकाळी दुखतं, अगदी तिथे. दोन्ही हात गुडघ्यांवरून सुटून बाजूला पडले ते थेट त्या रुंद हातांवर. मला कुठे काही करावंच लागलं नाही. आणि याचीच मला जास्त भीती वाटली. समुद्रापलीकडच्या एका माणसाने, ज्याने मला पाहिलं नाही, ज्याला सरदारपुर ठाऊक नाही, त्याने माझ्या पाठीसाठी जागा करून ठेवली होती. माझ्या आईलाही माझी पाठ एवढी माहीत नव्हती. त्याच्या वाळूत कुणीतरी माझ्यासारखी थकलेली बाई बसली असेल का. ती उठून गेली का. कानात छातीचे ठोके ऐकू येत होते, एक ठोका जरा उशिरा आल्यासारखा वाटला आणि मी थांबले, हा तो, पण त्याच्या मागून पुढचा आला. मी मनात म्हणाले, घे. कारखान्याचा भोंगा झाला. भाजीवाला परत फिरला. मी पुन्हा म्हणाले, घे ना. पायाचा अंगठा गार पडला होता, तो हलवून पाहिला, हलला.

काही झालं नाही. किती वेळ गेला माहीत नाही, काही झालं नाही. खुर्ची काहीच करत नव्हती. ती नुसती धरून होती. आणि तसं पडल्या पडल्या मला एक गोष्ट दिसली, इतक्या उघड की मी डोळे आणखी घट्ट मिटले. टेकले म्हणून ते गेले नव्हते. मामंजींनी सबंध सकाळ अंग सोडलं नाही, जायची वेळ आली तेव्हाच सोडलं. यांनी पाणी मागितलं तेव्हा ते काठावरच होते. आत काहीतरी तुटलं तेव्हा मागे गेले, आणि मागे ही होती. ही नसती तर ते फरशीवर पडले असते. म्हणजे खुर्चीवरचा आळ गेला. मला हलकं वाटायला हवं होतं. पण इतकी वर्षं मी ते एका जागी बांधून ठेवलं होतं, कोठीत, पोत्यांखाली. आता ते कुठेही होतं. पलंगावर होतं, न्हाणीघरात होतं, इंदूरच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून येणाऱ्या गाडीत मागच्या सीटवर होतं. त्याला कुठली चादर घालणार मी.

गाडीचा दरवाजा वाजला तो मला ऐकू आला. विनोदिनीचा आवाज, "अनन्या, औषधांची पिशवी पुढे आहे," आणि अनन्या, "मम्मी, बाबांना थांबायला सांग, मी येते." फाटक करकरलं. उठायला हवं होतं. मी पाय शोधले तर ते पुढे कुठेतरी लांब होते, गुडघे पोटापेक्षा उंच. जोर लावला तर लोकरीत आणखी रुतले. दाराची कडी मी काढलीच होती. दार लोटलं गेलं, पाऊल आत आलं, आणि थांबलं.

दुसरं पाऊल आलं नाही. काहीच आलं नाही. खोलीत कुणीतरी उभं होतं आणि श्वास घेत नव्हतं. त्याच क्षणी मला मी दिसले, त्याच्या बाजूने. ती खुर्ची. मागे टेकलेलं माणूस. मिटलेले डोळे, लोंबणारी बोटं. त्याला खुर्ची आल्याचंही माहीत नव्हतं. शिवलेली छाती घेऊन तो दारात उभा होता, वह्या धरल्या होत्या तसा, आणि त्याला वाटत होतं की याही वेळी त्यालाच आधी कळलंय. मी काय करून बसले होते. मी डोळे उघडले, पण उन्हाने काही दिसेना. बोल, मी स्वतःला म्हणाले, काहीही बोल, रोजचं बोल.

"मालोजी," मी म्हणाले, "बूट बाहेर."

मग श्वास आला, लांब, फाटका, मध्येच अडकत. "हो," तो म्हणाला. तो वळला. चौकटीला धरून एका पायाने दुसऱ्याचा बूट काढू लागला, वाकायचं नव्हतं म्हणून. पाठमोरा तो किती बारीक झाला होता. शर्ट अंगावर टांगल्यासारखा.

"कधी आणली ही?" तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"तुझ्या लेकीने. तुझ्यासाठी."

"आणि तू बसलीस."

"बघत होते. मऊ आहे का."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत न बोललेलं सगळं त्या पाहण्यात होतं. त्याने हात पुढे केला.

"हात नको देऊस," मी म्हणाले. "तुला जोर लावायचा नाही."

मग उठणार कशी, हे त्याच्या चेहऱ्यावर आलं. मी खुर्चीचे हात चाचपले. तळवे सरकत टोकाला गेले आणि तो खाली वळलेला वळसा मुठीत आला, रोज फडकं मारताना यायचा तसाच. तिथे धरल्यावर पाय आपोआप मागे आले, टाचा खुर्चीखाली गेल्या, धड पुढे कललं, आणि मी काठावर आले. तिथून पुढचं मला येत होतं. काठावरून उठण्यातच माझा जन्म गेला होता. मी उभी राहिले.

"ये," मी म्हणाले. "बस."

तो आला आणि बसला. काठावर. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, हनुवटी किंचित वर. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, तुकोजीरावांनी पोत्यावर नक्कल केली तेव्हा तो तिथे नव्हताही. घरात पाहून आलं होतं. शर्टाच्या गुंडीखाली पट्टीचा फुगवटा दिसत होता.

"असा नको बसूस. मागे टेक."

"बरा आहे गं असाच."

"मागे टेक, मालोजी."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. छातीला लागू नये म्हणून अगदी टोकाला. त्याचं अंग विरोध करत होतं, लहानपणी औषध पाजताना करायचं तसं. मी दाबलं नाही, नुसता हात ठेवून उभी राहिले. मग त्याने डोळे मिटले आणि तो जायला लागला, मागे, आणखी मागे, पुन्हा ती विहीर उघडली, आणि खुर्चीने त्याला धरलं. त्याची मान विसावली. हात बाजूला पडले. चेहऱ्यावरचं सगळं सुटलं, कपाळ, जबडा, सगळं, आणि तो हुबेहूब त्याच्या बापासारखा दिसायला लागला.

बाहेर अनन्या कुणाला तरी हाक मारत होती, डिकीतलं सामान निघत नव्हतं. टेकडीवर घंटा वाजली. माझा हात अजून त्याच्या खांद्यावर होता. मी त्याच्या शर्टाच्या वरून दुसऱ्या गुंडीकडे बघत होते. ती वर आली. खाली गेली. वर आली.

डोळे मिटूनच तो म्हणाला, "आई, पाणी दे."

आवाज रोजचाच होता.

"अनन्या येतेय," मी म्हणाले. "ती आणेल."

मी जागची हलले नाही.